प्रीतीच्या नावाची हिरवी खूण

हिरव्या रंगाची मला आताशा किळस येते. बियाण्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसाने असं म्हणावं हे विचित्र आहे, पण आहे ते आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चौकटीच्या कोपऱ्यात तुरीच्या दाण्याएवढी हिरवी खूण दिसली की तोंडाला आंबट पाणी सुटतं. त्या खुणेपायी आमच्या कंपनीने एका बाईचं काय केलं ते मला सांगायचं आहे. त्यात माझा हात होता हेही आधीच सांगून टाकतो.

प्रीती बदनापूरची, वय छत्तीस. वडील तातेराव रेल्वेत चावीवाले होते. चावीवाला म्हणजे आपल्या वाट्याचा रूळ रोज चालत जाऊन तपासणारा माणूस. रुळाला धरून ठेवणारी एकेक चावी नजरेखालून घालायची, सैल दिसली की हातोड्याने ठोकायची. मीही बदनापूरचाच, त्यामुळे खांद्यावर हातोडा टाकून उन्हातान्हात निघालेले तातेराव मी कितीदा पाहिले आहेत. ‘चालून पाहिल्याबिगर सही करायची न्हाई,’ असं ते येताजाता सांगायचे, कोणी विचारलेलं नसलं तरी. पोरीने वडिलांची ती खोड उचलली आणि सोबत एमआयडीसीत आणली. आमच्यासारख्या कारखान्यात अशी खोड घेऊन येणं म्हणजे कपाळमोक्षच, पण ते तिला कोणी सांगितलं नाही.

शेतीची पदवी घेऊन ती आमच्याकडे लागली ती उगवण तपासायच्या लॅबमध्ये, कौसल्याबाईंच्या हाताखाली. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठव्या दिवशी कागद उलगडायचा आणि किती दाण्यांना धड कोंब आला ते मोजायचं. आकडा सत्तरच्या खाली आला तर लॉट फेल. फेल झालेल्या लॉटच्या पोत्यांची थप्पी गोदामात जिथे असेल तिथे कौसल्याबाई स्वतः जायच्या आणि थप्पीच्या कोपऱ्याला लाल चिंधी बांधून यायच्या. लाल चिंधी दिसली की हमाल त्या थप्पीला हात लावत नसत. मी डिस्पॅचचा सुपरवायझर, म्हणजे माल गाडीत भरून बाहेर पाठवणारा. पण माझ्या बापानेही सांगितलं असतं तरी चिंधीची थप्पी माझ्या हमालांनी उचलली नसती. वाचता न येणाऱ्यालाही ती समजायची आणि वर्षानुवर्षं त्यात कधी घोळ झाला नाही.

चार वर्षांपूर्वी हैदराबादच्या मुख्य ऑफिसच्या डोक्यात आलं की कंपनीचा नकाशा काढायचा. रस्त्यांचा नकाशा नव्हे, कामाचा. कुठलं काम कुठे होतं, कुठला प्रोग्रॅम कुठल्या मशीनला माहिती देतो, सगळं चौकटी आणि रेघांनी दाखवायचं. त्यासाठी एक महागडं सॉफ्टवेअर आलं आणि त्याच्यासोबत पुण्याचे दोन सल्लागार आले. त्यांनी गोदाम लांबून पाहिलं, धूळ फार आहे म्हणाले आणि महिनाभर एसीच्या खोलीत बसून एकशे चाळीस चौकटी काढल्या. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात रंगाची खूण. हिरवी म्हणजे चालू आहे, पिवळी म्हणजे काम अर्धवट आहे, राखाडी म्हणजे नुसतं ठरलं आहे, लाल म्हणजे बंद करायचं आहे. आमच्या धंद्यात पिवळा टॅग सगळ्यात शुद्ध बियाण्याच्या पोत्याला लागतो, त्यामुळे पिवळं म्हणजे अर्धवट हे लोकांना पटेपर्यंतच दोन आठवडे गेले. जाताना त्या दोघांनी सगळ्या एकशे चाळीस खुणा हिरव्या करून ठेवल्या. सॉफ्टवेअर नवी चौकट हिरवीच देतं म्हणे, आणि बदलण्याचे कष्ट कोण घेणार.

नकाशा सांभाळायला माणूस हवा होता. लॅबपासून गेटपर्यंतचं सगळं काम माहीत असलेली आणि कॉम्प्युटरला न घाबरणारी म्हणून प्रीतीला बसवलं. तिने पहिल्याच आठवड्यात वही घेतली आणि चालायला सुरुवात केली. चौकटीत जे लिहिलंय ते खरंच होतं का, हे जिथल्या तिथे जाऊन पाहायचं. ग्रेडिंगच्या मशीनपाशी उभी राहायची, वजनकाट्यापाशी बसायची, माझ्या खिडकीशी येऊन म्हणायची, ‘काका, हे चलान कसं काढता ते एकदा माझ्यापुढं काढा ना.’ पाहिल्यावरच खूण ठेवायची किंवा बदलायची. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक खुणेखाली दोन रकाने असतात, पाहणाऱ्याचं नाव आणि तारीख. पुणेवाल्यांनी ते कोरे ठेवले होते, हिने एकूणएक भरले. लोक तिला मागून ‘पंचनामा’ म्हणू लागले आणि मीही हसायचो. अडीच महिन्यांनी ती थांबली तेव्हा एकशे चाळीसपैकी एकसष्ट खुणा हिरव्या उरल्या होत्या.

आमचे प्लांट मॅनेजर रामप्रसाद साहेब तो पडदा पाहून पांढरे पडले. माणूस वाईट आहे असं मी कालपरवापर्यंत म्हणत नव्हतो. हैदराबादला दर मे महिन्यात आढावा असतो, तिथे भिंतीवर एकेका प्लांटचा नकाशा लावतात आणि कोणाचा किती हिरवा ते पाहतात. चाळीस-पंचेचाळीस शिकली-सवरलेली माणसं भिंतीवरचे ठिपके बघून टाळ्या वाजवतात. साहेबांना वरच्या जागेवर जायचं होतं आणि वर जायची शिडी हिरवी होती.

पुढच्या दोन वर्षांत बरीच कामं खरोखरच झाली, प्रीतीने पाहून पाहून खुणा हिरव्या केल्या. अडून बसली ती एक चौकट. तिचं नाव ‘उगवण-रोक’. लॅबने कॉम्प्युटरमध्ये सत्तरच्या खालचा आकडा टाकला की डिस्पॅचला त्या लॉटचं चलानच, म्हणजे माल बाहेर काढायचा कागदच, निघू नये, अशी ती व्यवस्था. ज्या बाहेरच्या कंपनीने ती बनवायची होती ती रोज उद्या म्हणायची. एप्रिलमध्ये त्यांचा माणूस म्हणाला, झालं. प्रीतीने लॅबमधून एका खोट्या लॉटला चाळीसचा आकडा टाकून घेतला आणि माझ्या खिडकीशी आली. मी चलान काढायला बटन दाबलं. प्रिंटरमधून चलान सुरसुर बाहेर आलं. तिने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, ‘निघालं की काका.’ तिने खूण राखाडीच ठेवली.

त्या खुणेवर काय अवलंबून होतं ते सांगितलं पाहिजे. हैदराबादहून हुकूम होता की ‘उगवण-रोक’ हिरवी झाली की हातानं करायची थांबवाथांबव बंद. म्हणजे लाल चिंध्या बंद, कौसल्याबाईंची गोदामातली फेरी बंद. पडद्यावर खूण हिरवी आणि प्रत्यक्षात चलान निघतंय, असं झालं तर फेल बियाणं सरळ शेतात जाणार. आणि खुणेखाली नाव असणार प्रीतीचं. तिला हे बरोबर कळत होतं. साहेबांनी दोनदा गोड बोलून पाहिलं, एकदा आवाज चढवला. ती तिन्ही वेळा एकच बोलली, ‘साहेब, चालू करा, मी त्याच मिनिटाला हिरवी करते.’

मे महिन्यात तातेरावांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. प्रीतीने दोन दिवसांची रजा टाकली आणि त्यांना घेऊन जालन्यातल्या दवाखान्यात गेली. दुपारी मी तिला फोन केला, अण्णा, म्हणजे तातेराव, कसे आहेत म्हणून विचारलं. पट्टी बांधलीय, चहा मागून राह्यलेत, असं ती हसून म्हणाली. फोन ठेवून तासभर झाला नाही तोच साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

टेबलावर छापलेला कागद होता. ‘उगवण-रोकची चाचणी आज घेतली, चलान निघाले नाही.’ खाली दोन नावं, पाहणारी प्रीती आणि साक्षीदार पुंजाराम, म्हणजे मी.

‘साहेब, प्रीती तर रजेवर हाये,’ मी म्हणालो.

‘तिचं मी बघतो. तुम्ही सही करा जल्दी. आठ दिवसांत ते काम होऊनच जाणारे, आपण फक्त आठ दिवस आधी दाखवून राह्यलो.’ मग पेन माझ्याकडे सरकवत म्हणाले, ‘आणि तुमच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र पण वर पाठवायचंय ना याच महिन्यात.’

मी अठ्ठावन्नला टेकलो होतो. मुदतवाढ मिळावी म्हणून मीच महिनाभर त्यांच्या मागे होतो. सही करताना मी जरासुद्धा घुटमळलो नाही. झोकात केली, खाली रेघसुद्धा ओढली. आज ती रेघ आठवली की स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं.

कॉम्प्युटर विभागातल्या एकाने प्रीतीच्या लॉगिनमधून खूण हिरवी केली. त्याच संध्याकाळी साहेबांनी गोदामात फिरून ‘देवळातल्या नवसासारखं काय बांधून ठेवलंय’ म्हणत चिंध्या काढायला लावल्या, आता रोक चालू झालीय म्हणून. कौसल्याबाईंना पॅकिंगवर पाठवलं. आढाव्यात आमचा नकाशा भिंतीवर लागला, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस हिरव्या. साहेब चषक घेऊन आले. मिठाई वाटली आणि मी ती खाल्ली.

रजेवरून आल्यावर प्रीतीने नकाशा उघडला आणि उठून सरळ माझ्या खिडकीशी आली.

‘काका, तुम्ही पाह्यलं का चलान अडलेलं?’

‘साहेबांनी दाखवलं,’ मी गाडीच्या कागदात डोकं घालून म्हणालो.

‘मंग मला पण दाखवा.’

मी म्हणालो, आत्ता गाड्या लागल्यात. ती आल्या पावली परत गेली. जाऊन तिने खूण राखाडी केली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत हिरवी होती. तिने पुन्हा राखाडी केली, पुन्हा ती हिरवी झाली. तीनदा असं झाल्यावर तिचा बदल करायचा अधिकारच काढून घेतला. नकाशा तिला नुसता दिसायचा, हात लावता यायचा नाही. तिने हैदराबादला सविस्तर पत्र पाठवलं. उत्तर आलं की सदर चौकट नकाशात हिरवी असून नोंद आपलीच आहे. मला तिने ते उत्तर दाखवलं. वाचून मला हसू आलं. एखाद्याने सांगावं की माझ्या नावाने खोटी सही झालीय, तर त्याला सांगायचं की सही तुमचीच आहे.

जूनमध्ये पेरणीची घाई सुरू झाली. दिवसाला पंधरा-सोळा गाड्या भरत होत्या. लॅबने एका सोयाबीनच्या लॉटला बावन्नचा आकडा टाकला होता. थप्पीला चिंधी नव्हती, पडद्यावर खूण हिरवी होती, आणि मी बटन दाबलं तेव्हा चलान सुरसुर बाहेर आलं. लॉटचा नंबर मी पाहिलासुद्धा नाही. एक गाडी भरून माल परतूरकडे गेला. आठ-दहा दिवसांनी तिकडच्या दुकानदारांचे फोन सुरू झाले. तीन गावांतल्या शेतांत पेरलेल्या ओळींमध्ये जागोजागी माती मोकळी दिसत होती, लोकांना दुसऱ्यांदा पेरावं लागलं. एका म्हाताऱ्याने न उगवलेले दाणे उकरून प्लास्टिकच्या पिशवीत भरून आणले आणि आमच्या गेटच्या टेबलावर ओतले. कुजून काळे पडले होते. त्यांचा वास दोन दिवस गेटवर होता.

चौकशीला हैदराबादहून संध्या मॅडम आल्या, मूळच्या नांदेडच्या, त्यामुळे मराठीतच बोलत होत्या. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर नकाशा लावला. मला वाटलं होतं, गोदामात जाऊन एक चलान काढून पाहतील आणि दोन मिनिटांत सगळं उघडं पडेल. खोलीतून कोणी उठलंच नाही. सगळे त्या एका चौकटीचा मे महिन्यापासूनचा इतिहास उघडून बसले. हिरवी, राखाडी, हिरवी, राखाडी, हिरवी, राखाडी, हिरवी. प्रत्येक बदलापुढे प्रीतीचं नाव.

‘या बाईंचं स्वतःचंच ठरत नव्हतं असं दिसतं,’ मॅडम म्हणाल्या.

‘मॅडम, राखाडी मी केली. हिरवी एकदाही मी केली न्हाई,’ प्रीती म्हणाली. ‘पहिल्यांदा झाली त्या दिवशी मी दवाखान्यात होते. रजेचा अर्ज हाये.’

रामप्रसाद साहेब शांतपणे म्हणाले, ‘लॉगिन घरूनही करता येतं मॅडम. आणि रजा टाकून त्या तासभर येऊन गेल्या असतील. साक्षीदार आहेत ना.’

मॅडमनी माझी सही समोर धरली. ‘पुंजाराम, या दिवशी प्रीती कारखान्यात आल्या होत्या का?’

प्रीतीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट सुटल्यासारखं दिसत होतं. ‘काका, तुम्हीच तर मला फोन केल्ता त्या दिवशी,’ ती म्हणाली. ‘अण्णांचं विचारायला.’

माझा फोन माझ्या खिशात होता. मुदतवाढीचं पत्र आठच दिवसांपूर्वी आलं होतं, तेही खिशात होतं. मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत म्हणालो, ‘बराबर आठवत न्हाई मॅडम.’

प्रीतीने नुसती वही बंद केली. मला अजून वाटतं, ती ओरडली असती, मला खोटारडा म्हणाली असती, तर मी सांगून टाकलं असतं. पण हेही मी माझ्या सोयीने म्हणत असेन. माझ्या बोलण्यावर आता माझाच फारसा भरवसा नाही.

तिला काढलं. ‘निष्काळजी नोंदीमुळे’ असं पत्रात लिहिलं. परतूरकडच्या गावांना कंपनीने दुसऱ्या पोत्यांची गाडी पाठवली आणि विषय मिटवला. त्या चौकशीतून सुधारणा काय निघाली म्हणाल, तर नकाशाला एक पाचवा रंग वाढवला, जांभळा, ‘चालू पण लक्ष ठेवावे’ असा. त्यावर हैदराबादला दोन दिवस बैठका झाल्या म्हणतात. रामप्रसाद साहेब ऑगस्टमध्ये वरच्या जागेवर गेले. जाण्याआधी त्यांनी नकाशा माझ्याकडे दिला, कारण मी समजूतदार माणूस आहे. ‘उगवण-रोक’ अजून चालत नाही. मी एकदा दार लावून घेऊन बटन दाबून पाहिलं आहे.

प्रीतीने चार-पाच कारखान्यांत अर्ज केले. एमआयडीसीत बियाण्याचे कारखाने सगळे एकमेकांना ओळखतात. मुलाखतीत विचारतात, ती खूण तुम्हीच हिरवी केली होती ना. सध्या ती बदनापुरात शाळेच्या पोरांच्या शिकवण्या घेते.

गेल्या महिन्यात ती मला स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर भेटली. मी तोंड चुकवायच्या बेतात होतो, पण तिनेच हाक मारली. तातेरावांची नजर चांगली सुधारली असं सांगितलं. माझ्या नातीचं नाव विचारलं. मी मनात नुसता शिव्यांची वाट पाहत होतो. चहा संपल्यावर ती म्हणाली, ‘काका, तो नकाशा आता तुमच्याकडं हाये म्हणतेत.’

‘हाये.’

‘माझं नाव तेवढं काढा तिथून. बाकी मला काही न्हाई पाहिजे. पुढं परत काही झालं तर पुन्हा माझंच नाव निघंल.’

‘काढतो,’ मी म्हणालो. ‘उद्याच काढतो.’

काढायला एवढंसंच काम आहे. चौकटीवर जायचं, खूण राखाडी करायची. पण खूण बदलली की सॉफ्टवेअर पाहणाऱ्याचं नाव मागतं आणि ते टाकल्याशिवाय पुढे जात नाही. तिचं नाव काढायचं तर तिथे माझं आलं पाहिजे, आणि तारीख आजची. मग कोणीतरी विचारणार की पुंजाराम, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे. रोज सकाळी गाड्या लागायच्या आधी मी ती चौकट उघडतो. ‘पुंजा’पर्यंत टाइप करतो. मग पुसतो आणि चलानं काढायला बसतो.